नॉर्वेजियन जोडशब्द वाचताना आधी शेवट बघ

अरे, लांबलचक शब्द बघून घाबरू नकोस, आपल्या समासासारखंच आहे, फक्त फोडायचा मागून. बार्नेहागे म्हणजे बालवाडी, बार्न मूल आणि हागे बाग, मधला ए नुसता सांधा. लिंग शेवटच्या शब्दाचं, म्हणून बार्न नपुंसकलिंगी असूनही अख्खा शब्द पुल्लिंगी, एन बार्नेहागे (एन हे पुल्लिंगी शब्दाआधी लागणारं उपपद). मुख्य जोर मात्र पहिल्या भागावर, बाsर्नेहागे, दुसऱ्यावर हलका, आणि हे मोठ्याने म्हणूनच बसतं बरं का. ओळीच्या शेवटी तोडायचं तर सांध्यावर, आर्बाइड्स-प्लास (कामाची जागा), जोडणारा स पहिल्याकडेच राहतो. आणि प्लीज मधे स्पेस देऊ नकोस, रोइकफ्रित म्हणजे धूम्रपानमुक्त, पण तोडून रोइक फ्रित लिहिलंस की खुशाल सिगरेट ओढा असा अर्थ होतो!