पहिला नियम दुसऱ्यातच सामावलेला नाही का?

प्रश्न : न्यूटनच्या दुसऱ्या नियमात (बल = वस्तुमान × त्वरण) बल शून्य घातले की त्वरणही शून्य येते, म्हणजे पहिला नियम आपोआप मिळतो. मग तो वेगळा का सांगितला जातो? आणि तिसरा नियम (प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते) तरी स्वतंत्र आहे का?

उत्तर : आपली आकडेमोड बरोबर आहे; परंतु दुसऱ्या नियमाचे सूत्र कोणाच्या मोजमापाला लागू पडते, हे त्या सूत्रातून कळत नाही. समजा, एका बसचा वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत आहे आणि तिच्या गुळगुळीत फरशीवर एक पेटी आहे. घर्षण आपण नगण्य मानू. रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने पेटी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. बसमधल्या निरीक्षकाला मात्र तीच पेटी दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका वेग पुढच्या दिशेने घेताना दिसते, आणि तिला पुढे ढकलणारे काहीही त्याला सापडत नाही. त्याच्या चौकटीत, म्हणजे बसच्या संदर्भाने मोजताना, बल शून्य असूनही त्वरण शून्य नाही. ज्या चौकटीत बलरहित वस्तू स्थिर राहते किंवा सरळ रेषेत एकसमान वेगाने जाते, अशी चौकट मिळू शकते, हे पहिल्या नियमाचे खरे विधान आहे आणि दुसरा नियम त्याच चौकटीत चालतो. स्वतः न्यूटनने १६८७ मध्ये नियम मांडताना ही भाषा वापरली नव्हती. अशा चौकटीसाठी ‘जडत्वीय चौकट’ ही संज्ञा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग लांगे यांनी १८८५ मध्ये दिली.

तिसरा नियम मात्र निश्चितच स्वतंत्र आहे. दुसरा नियम एका वस्तूवरील एकूण बल आणि तिच्या संवेगातील (वस्तुमान × वेग) बदल यांचा संबंध सांगतो. ते बल लावणाऱ्या दुसऱ्या वस्तूचे काय होते, याविषयी तो काहीच सांगत नाही. तरीही आपण अब्जावधी कणांनी बनलेल्या चेंडूला एकच वस्तू मानून दुसरा नियम बिनदिक्कत लावतो. हे शक्य होते ते तिसऱ्या नियमामुळे, कारण कणांची परस्परांवरील बले जोडीजोडीने समान व विरुद्ध असल्याने त्यांची बेरीज शून्य होते आणि हिशेबात केवळ बाह्य बल उरते. (क्रिया व प्रतिक्रिया वेगवेगळ्या वस्तूंवर घडतात, म्हणून एकाच वस्तूचा विचार करताना त्या एकमेकींना रद्द करत नाहीत; येथे मात्र दोन्ही कण एकाच समूहात मोजले आहेत.) बाह्य बल नसेल, तर समूहाचा एकूण संवेग कायम राहतो. गतिमान विद्युतप्रभारांमधील चुंबकीय बले नेहमी समान व विरुद्ध नसतात. तेथेही विद्युतचुंबकीय क्षेत्राचा स्वतःचा संवेग हिशेबात धरला की एकूण संवेग अक्षय्य राहतो, म्हणून मला तिसऱ्या नियमापेक्षा संवेगाची अक्षय्यता अधिक मूलभूत वाटते.