पायथॉनमध्ये ‘रामाला भाला मारा’ पॅलिन्ड्रोम का ठरत नाही?

पॅलिन्ड्रोम म्हणजे उलटं वाचलं तरी तसंच राहणारं वाक्य. तो तपासायला तुम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत स्पेस काढल्या, स्ट्रिंग (कॅरेक्टरांची माळ) उलटी केली, मूळ स्ट्रिंगशी ताडून पाहिली. इंग्रजी ‘मॅडम’ला ट्रू येतं आणि ‘रामाला भाला मारा’ला फॉल्स, असा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या लॉजिकमध्ये चूक नाही. तुम्ही ‘अक्षर’ म्हणता ते आणि पायथॉन मोजतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला हे मोंढ्यात कळलं. एका आडत दुकानाला शेतकऱ्यांची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) छापायचा छोटा प्रोग्राम करून दिला होता. नावाच्या रकान्यात जागा कमी, म्हणून मी सरळ पहिली ८ कॅरेक्टर कापून घेतली. सोयाबीनच्या हंगामात एक काका पट्टी घेऊन परत आले. नाव ज्ञानेश्वर, छापलेलं ‘ज्ञानेश्’. म्हणाले, “वकील झालो का मी? नावाला ही शेपटी कशाची लावली?” शेपटी म्हणजे पाय मोडल्याची खूण, हलन्त. लांबी मोजणारं लेन फंक्शन लावून बघितलं तर ‘ज्ञानेश्वर’ची लांबी १०. आपण बोटांवर मोजतो ज्ञा, ने, श्व, र, म्हणजे चारच.

युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या क्रमांकांनी अक्षरं ओळखतो त्या पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. क्रमांक सांगणाऱ्या ऑर्ड फंक्शनला विचारा: ‘र’ २३५२, काना २३६६, हलन्त २३८१. त्यामुळे ‘रामालाभालामारा’ आपल्याला ७ अक्षरांचं, पायथॉनला १४ तुकड्यांचं. उलटं केलं की सगळ्यात पुढे येतो शेवटचा काना, ज्याला धरायला अक्षरच नाही. पहिल्याच तुलनेत ‘र’समोर काना उभा राहतो, मग फॉल्स येणारच.

म्हणून उलटं करायच्या आधी स्ट्रिंगची अक्षरं पाडा. एक रिकामी लिस्ट घ्या आणि एकेक कॅरेक्टर बघत चला. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं, कॅरेक्टरचा प्रकार सांगणारं कॅटेगरी फंक्शन ज्याचं उत्तर इंग्रजी ‘एम’ने सुरू करून देतं, ते चिन्ह समजा आणि लिस्टमधल्या शेवटच्या तुकड्याला चिकटवा. शेवटचा तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच जोडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. बाकी सगळं नवीन तुकडा. आता स्ट्रिंग नाही, ही लिस्ट उलटी करा आणि मूळ लिस्टशी ताडा. पाच-सहा ओळींचं काम आहे. तयार लायब्ररीही मिळतात, पण शिकताना एकदा हातानंच करा.

एक खोडी राहते. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दात काही कीबोर्ड र आणि हलन्तानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घुसवतात. त्याची कॅटेगरी ‘एम’ नसते, जोडणी तिथेच तुटते. पॅलिन्ड्रोम तपासण्यापुरता तो आधीच काढून टाका.

‘ती होडी जाडी होती’ टाकून बघा, ट्रू आलं पाहिजे. ‘चिमा काय कामाची’ला मात्र फॉल्सच येईल, कारण पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ आहे. तिथं प्रोग्रामला बोल लावू नका. आणि अक्षरं नीट पडली का हे बघायचं असेल तर ‘बीड’ उलटून पाहा: ‘डबी’ आलं की जमलं, ‘डीब’ आलं तर अजून स्ट्रिंगच उलटी होतेय.