स्टेप २ ला २२३ आले, आता मॅच होईल का?

तुझा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे असं की नांदेडहून एमबीबीएस, २०२१ ला इंटर्नशिप संपली, मग पीएचसीवर बॉन्ड, अमेरिकेत रेसिडेन्सी म्हणजे तिथलं पीजी करायला लागणाऱ्या परीक्षांपैकी स्टेप १ पहिल्या फटक्यात पास, आणि या ऑगस्टमध्ये स्टेप २ सीके दिली त्यात २२३. मॉकला २४० च्या वर येत होते म्हणतोस. आता २०२५ चा नोव्हेंबर उजाडलाय आणि तू विचारतोयस की याच सीझनच्या मॅचला, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटल्या जातात त्याला, उशिरा का होईना अप्लाय करू, एक वर्ष थांबू, की सगळं गुंडाळून नीट पीजीच्या मागे लागू.

ताई म्हणालास म्हणून सरळच सांगते. माझे २२२ होते. तुझ्याहून एक कमी. आज मिशिगनमध्ये इंटर्नल मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण यावरून लगेच खूश होऊ नकोस, कारण मी दिली तेव्हा पासिंग २१४ होतं, ते १ जुलै २०२५ पासून २१८ झालंय, म्हणजे तू माझ्यापेक्षाही काठावर आहेस. आणि मी पहिल्या वर्षी मॅच झाले नव्हते.

पास झालेली स्टेप परत देता येत नाही, हे तुला माहीत असणारच, तरी रात्री दोनला उठून ‘रीटेक’ सर्च केलं असशील, मीही केलं होतं. तो आकडा आता तुझ्या नावाला चिकटला. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ नुसती पास-फेल झाली, त्यामुळे तुलना करायला प्रोग्रामकडे, म्हणजे रेसिडेन्सी चालवणाऱ्या हॉस्पिटलांकडे, स्टेप २ चाच आकडा उरला, सगळा भार त्याच्यावर आला. ज्यांच्याकडे हजारो अर्ज येतात ते कॉम्प्युटरवर फिल्टर लावतात, २३० च्या खाली नको, पाच वर्षांपेक्षा जुनं ग्रॅज्युएशन नको, व्हिसा लागणारा नको. तिथे तुला कोणी नाकारत नाही रे, तुझी फाइल कोणी उघडतच नाही. तुझं पीएचसीचं काम, तुझं पर्सनल स्टेटमेंट, काहीही वाचलं जात नाही. त्यामुळे पुढच्या दहा महिन्यांत एकच शोधायचं, आपली फाइल माणूस कुठे उघडेल.

मला हे पहिल्या सीझनला कळलं नाही. २१० प्रोग्रामना अप्लाय केलं. जास्त टाकले की कुठेतरी लागेल असं वाटलं, म्हणजे आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो तसं. त्या वेळच्या दराने ईरासची, म्हणजे सगळे अर्ज जातात त्या ऑनलाइन सिस्टिमची, फी पाच हजार डॉलरच्या वर गेली, चार लाख रुपये, त्यातले अर्धे बाबांच्या पीएफमधले. इंटरव्ह्यू आला एक. मार्च २०२३ च्या त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही सगळे मिरजेच्या घरी टेबलाभोवती बसलेलो, मेल आला, मॅच नाही. आईने काही न बोलता गॅस पेटवून चहा टाकला.

मग सोप. मॅच वीकमध्ये उरलेल्या जागांसाठी जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात आणि गुरुवारी ऑफरच्या चार फेऱ्या होतात. तू स्वतःहून प्रोग्रामला फोन-मेल करायचा नाही, तो नियम मोडायला जाऊ नकोस. मला सोपमध्ये एकही फोन आला नाही. सोपवर प्लॅन उभा करायचा नसतो, एवढं मात्र शिकले.

आता तुझं. या सीझनला घुसू नकोस. प्रोग्राम्सनी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच अर्ज पाहायला सुरुवात केलीय, नोव्हेंबरमध्ये कमी स्कोअरचा अर्ज टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. या सीझनला ईरासची फी पहिल्या ३० अर्जांना ११ डॉलर प्रत्येकी आणि ३१ व्यापासून ३० डॉलर प्रत्येकी आहे, म्हणजे १५० टाकले की जवळजवळ चार हजार डॉलर. तेच पैसे तिकीट आणि ऑब्झर्व्हरशिपला, म्हणजे तिथल्या डॉक्टरबरोबर राहून नुसतं काम बघायला, लाव.

दुसऱ्या वर्षी मी ९५ च टाकले, पण ते निवडायला दोन महिने घालवले. एक एक्सेल केली. प्रत्येक प्रोग्रामच्या वेबसाइटवर जाऊन सध्याच्या रेसिडेंट्सची कॉलेजं वाचली, फोटो बघून नाही, कॉलेजं बघून. जिथे तिन्ही वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, इजिप्तचे लोक दिसले ते ठेवले, जिथे दहा वर्षांत एखादाच आयएमजी (अमेरिकेबाहेर शिकलेला डॉक्टर) ते काढले. रेसिडेन्सी एक्सप्लोरर आणि फ्रीडा या प्रोग्राम शोधायच्या दोन्ही वेबसाइट वापर, पण छापलेल्या कटऑफवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा नम्र मेल टाकून विचार, बऱ्याच जणी उत्तर देतात. मोठ्या युनिव्हर्सिटीची नावं यादीत नकोतच. कम्युनिटी हॉस्पिटल्स बघ, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स-ब्रुकलिन, न्यू जर्सी, डेट्रॉइटच्या आसपास, शिकागोची उपनगरं. सिग्नलही आलेत आता, म्हणजे तुमच्याकडेच यायचंय असं मोजक्या प्रोग्रामना अर्जातून कळवायची सोय, इंटर्नल मेडिसिनला ३ गोल्ड आणि १२ सिल्व्हर. तुझे गोल्ड त्या ठिकाणी जाऊ देत जिथे तू प्रत्यक्ष काम पाहिलंयस किंवा जिथे तुला ओळखणारं कोणी आहे. स्वप्नातल्या हॉस्पिटलला गोल्ड देणारे बरेच पाहिले, ते नंतर रडतात.

फॅमिली मेडिसिनचा विचार केलायस का? तिथे दरवर्षी पाच हजारांवर जागा असतात आणि अलीकडे शेकडो रिकाम्या राहतात. पण बॅकअप म्हणून गेलास तर त्यांना लगेच वास येतो. तुझ्याकडे पीएचसीचं खरं काम आहे, बाळंतपणं, सर्पदंश, टीबीची औषधं, हे सगळं तिथे सोन्यासारखं आहे, फक्त मनापासून ते करायचं असेल तरच.

शिफारसपत्रांबद्दल थोडं रडगाणं ऐक. पहिल्या वेळी एका एजन्सीला पैसे भरून महिनाभराची ‘हँड्स-ऑन’ रोटेशन घेतली. हँड्स-ऑन काही नव्हतं, कोपऱ्यात उभं राहायचं. शेवटी जे पत्र मिळालं ते माझ्याबरोबरच्या मुलीच्या पत्रासारखंच निघालं, नाव तेवढं वेगळं, हे तिला आणि मला दोघींना फार उशिरा कळलं. दुसऱ्या वेळी शंभरेक डॉक्टरांना स्वतः मेल केले, चार जणांची उत्तरं आली, एकाने बोलावलं. डेट्रॉइटजवळचं छोटं क्लिनिक, आणि महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून एका काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायची सोय. मी तिथे आठ आठवडे होते. रोज सकाळी डॉक्टरांच्या आधी पोचायचे, आदल्या दिवशीच्या पेशंटबद्दल वाचून यायचे. त्यांनी पत्रात माझ्या एका चुकीबद्दलही लिहिलं, की हिने लिहिलेली औषधांची यादी चुकली होती आणि दुसऱ्या दिवशी हिने आपणहून येऊन सांगितलं. इंटरव्ह्यूत तीन ठिकाणी त्याच ओळीवर प्रश्न आला. आणि खरी मदत म्हणजे त्यांनी ओळखीच्या दोन प्रोग्राम डायरेक्टरना फोन केला. तिथे फिल्टरच्या बाहेरून माझी फाइल उघडली गेली. व्हिसा इंटरव्ह्यूला मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत खरं तेच सांग, ऑब्झर्व्हरशिपला चाललोय, पेशंटला हात लावणार नाही, पत्र दाखव.

त्याच ट्रिपमध्ये स्टेप ३ दे, ती अमेरिकेतच देता येते, दोन दिवसांची आणि त्यात कॉम्प्युटरवरच्या १३ केसेस असतात. अर्थात आधी ईसीएफएमजी सर्टिफिकेट (बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना लागतं ते) हातात हवं, त्यामुळे ओईटी ही इंग्रजीची परीक्षा वगैरे राहिलं असेल तर आधी ते. पूर्वी लोक एच-वन-बी व्हिसासाठी स्टेप ३ करायचे, पण सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा आलाय, छोटं हॉस्पिटल एका इंटर्नसाठी तो का उचलेल, त्यामुळे तू जे-वन व्हिसाच धरून चाल. तरी स्टेप ३ करच, कारण २२३ नंतरचा दुसरा आकडा दाखवायला तुझ्याकडे तेवढाच आहे. पण तयारी नसेल तर नाही. काठावरच्या स्टेप २ च्या शेजारी नापास स्टेप ३ म्हणजे कारभार आटोपला. आणि जे-वनचं हेही ऐकून ठेव, शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात परत, नाहीतर त्यातून सूट म्हणजे वेव्हर, तो बहुतेक वेळा कॉनरॅड ३० योजनेतून, राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. लग्न ठरत असेल तर समोरच्यांना हे आधीच सांग.

त्या वर्षी सात इंटरव्ह्यू आले. सगळे ऑनलाइन, आपल्याकडे रात्र. एकदा रात्री साडेआठला शिकागोचा चालू असताना खालून डीजेवाली वरात गेली, लग्नसराईच ती, मी म्यूट करून हसले आणि नंतर सांगितलं की शेजारी लग्न आहे, इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई पाच मिनिटं लग्नाबद्दलच विचारत राहिल्या. स्कोअरबद्दल विचारतीलच. तीन वाक्यं पाठ ठेव. काय झालं, त्यानंतर काय बदललं, त्याचा पुरावा काय. घरचं आजारपण, परीक्षा सेंटरचा एसी, हे सगळं खरं असलं तरी लांबवू नकोस. पर्सनल स्टेटमेंटमध्ये तर एका ओळीपेक्षा जास्त नाहीच.

२०२५ ला अमेरिकेबाहेरचे नागरिक असलेल्या आयएमजींपैकी ५८ टक्के मॅच झाले. वाचून बरं वाटतं, पण हा हिशोब रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रामची पसंतीक्रमाने यादी, टाकणाऱ्यांचा असतो. ज्यांना एकही इंटरव्ह्यू आला नाही ते त्यात धरलेलेच नसतात.

नीट पीजीचं म्हणशील तर दोन्ही होड्यांवर पाय ठेवून मी कोणालाच पार पडताना पाहिलं नाही, माझी रूममेट दोन्हीत अडकली. पण घरी आजच सांग की हे एकच वर्ष, सप्टेंबर २०२६ ला अर्ज, मार्च २०२७ ला निकाल, आणि नाही झालं तर त्याच आठवड्यात नीटची पुस्तकं. २०२१ चं ग्रॅज्युएशन आहे, पुढचं प्रत्येक वर्ष जड होत जाणार. बाबांचे पैसे किती लागणार तो आकडाही कागदावर लिहून त्यांना दाखव, माझ्या बाबांना मी तो शेवटपर्यंत सांगितला नव्हता.

आणि कॉलेजातून एमएसपीई (डीनच्या सहीचं कामगिरीचं पत्र) आणि ट्रान्सक्रिप्टचं काम आत्ताच काढ. आमच्याकडे क्लार्क रजेवर, डीन बदलले, शिक्का सापडेना, यात सात आठवडे गेले होते. पेढे घेऊन जा. कंदी पेढे.