वॉक्सहॅचीचं कोर्ट: चेहरे बघाच, पण थोडं मागे उभं राहूनही बघा

प्रश्न दोन आहेत: अमेरिकेत टेक्ससमधल्या डॅलसहून केवळ जुनं कोर्ट बघायला वॉक्सहॅची या गावी जावं का, आणि तिथल्या दगडी चेहऱ्यांची प्रेमकथा खरी का?

जरूर जा. डॅलसच्या दक्षिणेला जेमतेम ५० किलोमीटर. आमच्याकडे भारतातून कोणी आलं की मी त्यांना तिथे नेतोच.

गोष्ट अशी सांगतात की हॅरी हर्ली नावाचा पाथरवट मेबल फ्रेम या मुलीच्या प्रेमात पडला. आधी त्याने तिचा सुंदर चेहरा कोरला आणि तिने नकार दिल्यावर चेहरे विद्रूप होत गेले. अभ्यासकांना याला आधार सापडलेला नाही. असे विचित्र मुखवटे कोरणं ही रोमनेस्क या मध्ययुगीन युरोपीय बांधकामशैलीची जुनी रीतच आहे. प्रवेशमंडपांच्या खांबांवर ते निवांत बघा. कारागिरी अप्रतिम आहे.

पण मला खरी भुरळ घातली ती आराखड्याने. वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डन. बांधकाम १८९७ मध्ये पूर्ण झालं. तेव्हा एसी नव्हते, विजेचे पंखेही सर्रास नव्हते, आणि टेक्ससचा उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. गॉर्डनने इमारत अधिकच्या (+) चिन्हासारखी आखली, दोन बाहूंमधल्या कोपऱ्यांत सावलीचे प्रवेशमंडप ठेवले आणि मधोमध, मनोऱ्याखाली, जिना. गरम हवा त्या पोकळीतून वर चढून बाहेर पडायची आणि मंडपांतून वारा आत ओढला जायचा. म्हणजे लांबून दिसणारा तो डौलदार मनोरा इमारतीचं धुराडंही होता! हे कळल्यापासून मला ती इमारत नुसती सुंदर वाटत नाही, शहाणी वाटते.

एवढ्याशा गावात एवढा थाट कसा? एकतर कापसाचा पैसा. दुसरं, १८८१ च्या कायद्याने टेक्ससमधल्या काउंट्यांना कोर्टासाठी कर्जरोखे काढायची मुभा मिळाली, आणि शेजारच्या काउंटीपेक्षा आपलं कोर्ट देखणं हवं अशी चढाओढ लागली. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. जमिनीची दफ्तरं, कर, खटले, सगळं तेव्हा याच छताखाली चालायचं.

आत जायचं तर कामाच्या दिवशी जा. बाहेरून बघायला मात्र संध्याकाळ उत्तम. पश्चिमेच्या फुटपाथवरून चौकाला एक पूर्ण फेरी मारा. कलत्या उन्हात लाल वालुकाश्म आणि गुलाबी ग्रॅनाइट वेगवेगळे उठून दिसतात.