दवाखान्यातले प्रश्न: कार्डांचं कपाट आणि कॉम्प्युटर

प्रश्न: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात सासऱ्यांचा दवाखाना आहे, तीस वर्षं झाली, आता मी पण तिथंच बसते. रोज साठ-सत्तर पेशंट, कार्डं कपाटात नंबर लावून. सॉफ्टवेअरवाला महिन्यात दोनदा येऊलाय, म्हणतो मॅडम आता सगळं कंपल्सरी होणार, आत्ताच घ्या. मामंजी म्हणतात मी पेशंटच्या तोंडाकडं बघू की स्क्रीनकडं? जुनी कार्डं सगळी चढवायची म्हटलं तर दोन पोरी लावाव्या लागतील, आणि करंटचं तर विचारूच नका. घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण त्याच्या घाईनं नको. तो कंपल्सरी म्हणतोय त्यातलं पेशंटच्या बाजूचं तरी आज तसं नाही, आभा नंबर, म्हणजे पेशंटचे रिपोर्ट एकमेकांना जोडणारा सरकारी नंबर, काढणं ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून कुणाला तपासायचं नाही असं होत नाही.

मामंजींचं म्हणणं मला पटतं ओ. डॉक्टरनं टाईप करत बसायचंच नाही. बाहेर कंपाउंडर नाव, वय, वजन, बीपी घालून ठेवेल, आत तुम्ही नेहमीसारखं कागदावर लिहा, पेशंट औषध घ्यायला थांबतो तेवढ्यात त्या कागदाचा फोटो त्याच्या नावाखाली जातो. पहिले सहा महिने एवढंच. फोटोतलं शोधता येत नाही हे खरं, म्हणून शुगर, बीपी, दमा आणि गरोदर बायका एवढ्यांचंच नीट टाईप करून ठेवा, कारण परत परत येणारे तेच आणि जुना आकडा लागतो तो त्यांचाच. सर्दी-खोकल्याचं तीन वर्षांपूर्वीचं कार्ड चढवून काय करणार? जुनं कार्ड तो पेशंट येईल त्या दिवशीच काढायचं, आला नाही तर राहू दे कपाटात.

खरी डोकेदुखी नावांची आहे, आणि ती विकणारा सांगत नाही. आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे चार पाटील, त्यात आधारवर कन्नड पद्धतीचं स्पेलिंग, म्हणजे सरितातल्या टीनंतर एच, आणि आपला कंपाउंडर लिहिणार मराठी पद्धतीनं बिनएचचं. झाली एका बाईची दोन खाती, एकात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली, दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून नावानं शोधायचंच नाही, मोबाईल नंबर आणि जन्मवर्ष दोन्हीनं शोधायचं, घरात एकच मोबाईल असतो म्हणून दोन्ही. आभाचा 14 आकडी नंबर असेल तर तो घाला, प्रश्नच मिटला.

आता विकत घेताना. मी पहिलं सॉफ्टवेअर स्वस्तात घेतलं, दीड वर्षात त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं, आणि आतला डेटा अशा फाईलीत की दुसरं कुठलंच सॉफ्टवेअर उघडेना, शेवटी तीन हजारावर पेशंटची माहिती हातानं परत लिहिली, बायको अजून ऐकवते. तेव्हापासून पैसे द्यायच्या आधी मी एकच सांगतो, माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखव, आत्ता, माझ्यासमोर. दाखवता आलं नाही तर चहा पाजून निरोप. दुसरं म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनला, म्हणजे आभा नंबर ज्यातून मिळतो त्या सरकारी योजनेला, जोडलेलं आहे का ते विचारा, हे मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं, तुम्हाला त्यात दवाखान्याची आणि डॉक्टर म्हणून स्वतःची अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतील. करंटसाठी लॅपटॉप घ्या, डेस्कटॉप नको, आणि नेट नसताना चालणारं सॉफ्टवेअर. आणि कंपाउंडरचा पासवर्ड वेगळा, तुमचा वेगळा, सगळ्यांचा 1234 नको.

प्रश्न: निपाणीजवळ आमचं दहा खाटांचं नर्सिंग होम आहे. सगळं स्कॅन केलं, आता जुने केस पेपर रद्दीत घालावेत काय? उंदीर लागलेत.

उत्तर: थांबा. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात अ‍ॅडमिट पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायचे आहेत, आणि पेशंटनं मागितले तर 72 तासांत द्यायचे. कॉम्प्युटरवर घ्या असंही त्यातच म्हटलंय, त्यामुळं स्कॅन केलं ते बरंच झालं. पण अ‍ॅक्सिडेंट, मारामारी, विषबाधा असल्या पोलीस केसचे मूळ कागद कोर्टाचं संपेपर्यंत हलवायचे नाहीत. बाकीचे द्यायचे तर फाडून द्या, पेशंटचं नाव वडापावच्या पुडीवर दिसायला नको. उंदरांसाठी पत्र्याची पेटी.

प्रश्न: आईला कधी बेळगावला दाखवतो, कधी कोल्हापूरला, रिपोर्ट सगळे कॅरीबॅगमध्ये. आभा कार्ड काढलं की पाच लाखाचा इलाज फुकट होतो म्हणे? आणि मग सरकारला सगळं दिसतं का?

उत्तर: पाच लाखाचं ते आयुष्मान कार्ड, ते वेगळं, पात्र असलेल्यांनाच मिळतं. आभा म्हणजे नुसता नंबर, रिपोर्ट एकमेकांना जोडायला. रिपोर्ट दिल्लीत जाऊन एका ठिकाणी साठत नाहीत, ज्या दवाखान्यानं केले तिथंच राहतात, कोल्हापूरच्या डॉक्टरला बघायचे असले तर आईच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते, कुठले आणि किती दिवस ते आई ठरवणार, नंतर परवानगी काढून पण घेता येते. आपल्यासारख्या दोन राज्यांत पाय असलेल्या माणसांना हे सोयीचं, कारण नंबर देशभर एकच. फक्त दोन्हीकडचे दवाखाने जोडलेले पाहिजेत, आणि रिपोर्ट देताना काउंटरवर आभा नंबर सांगितलेला पाहिजे, नाहीतर तो रिपोर्ट आईच्या नावाला लागतच नाही. तोवर कॅरीबॅग टाकू नका, आणि वरच्या बाजूला चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा.