क्विझ शोमध्ये ठरलेल्या उत्तराहून वेगळं उत्तर आलं तर ते मान्य करावं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या 'जेपर्डी'सारख्या शोमध्ये कधी कधी स्पर्धकाचं उत्तर कार्डावरच्या उत्तराशी जुळत नाही, पण तसं पाहिलं तर ते चूकही नसतं. अशा वेळी गुण द्यावेत की नाही? मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजांच्या प्रश्नमंजूषांसाठी प्रश्न काढतो आणि निवाड्याच्या टेबलावरही बसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझं मत ठाम आहे. निवाडा व्हायचा तो स्पर्धकाच्या कानावर पडलेल्या प्रश्नावरून. प्रश्नातला शब्द न् शब्द ज्या उत्तराला लागू पडतो ते उत्तर बरोबर, मग ते प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात आलेलं असो वा नसो. आणि प्रश्नातला एखादा शब्द जरी त्या उत्तराला बसत नसेल, तर "अगदी जवळ आला होता हो" म्हणून गुण देऊ नयेत. पहिल्या भागाला बहुतेक जण माना डोलावतात, दुसऱ्या भागावर वाद होतो. मला दोन्ही सारखेच महत्त्वाचे वाटतात.

आपल्याकडच्या प्रश्नमंजूषांमध्ये हमखास येणारा प्रश्न घ्या: 'भारतातली पहिली महिला डॉक्टर कोण?' कार्डावर बहुतेक वेळा आनंदीबाई जोशी असतात. 1886 मध्ये त्यांनी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. घेतली. कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमणूकही केली होती, पण 26 फेब्रुवारी 1887 ला त्या गेल्या आणि व्यवसाय करणं राहूनच गेलं. त्याच 1886 मध्ये कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे त्यांनी प्रत्यक्ष व्यवसायही केला. डॉ. रखमाबाई 1894 मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी कित्येक वर्षं दवाखाने सांभाळले. आता 'पहिली डॉक्टर' म्हणजे पहिली पदवी, भारतात घेतलेलं पहिलं शिक्षण, की रुग्ण तपासणारी पहिली? प्रश्नात यातलं काहीच नसताना एखाद्या मुलीने कादंबिनी गांगुलींचं नाव घेतलं आणि समोरून "चूक" असं ऐकलं, तर तो तिच्यावर अन्याय आहे. तिने वाचलेलं खरं होतं.

चित्रपटाचंही तेच. 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' हे उत्तर तयार असतं. दादासाहेब फाळक्यांचा हा चित्रपट 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. पण त्याच थिएटरात 18 मे 1912 ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. 'पुंडलिक'ला पहिला न मानणारे सांगतात की ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. हे मुद्दे वजनदार आहेत. माझं म्हणणं एवढंच की ते प्रश्नात यायला हवेत. 'पूर्ण लांबीचा पहिला भारतीय कथाचित्रपट' असं विचारलंत तर 'पुंडलिक' म्हणणाऱ्याला खुशाल शून्य द्या. नुसतं 'पहिला चित्रपट' विचारून नंतर नाटक, कॅमेरामन, लंडन असे मुद्दे काढत बसायचं, हे चालणार नाही.

आता जेपर्डीकडे येतो, कारण निवाड्याचा इतका विचार केलेला दुसरा शो मला माहीत नाही. मर्व्ह ग्रिफिनने 1964 मध्ये तो सुरू केला. आजचं रूप 1984 पासूनचं, आणि अ‍ॅलेक्स ट्रेबेक 2020 मध्ये जाईपर्यंत त्याचे सूत्रधार होते. यात माहिती विधानाच्या रूपात देतात आणि स्पर्धकाने उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचं असतं. चुकलं तर तेवढेच डॉलर वजा होतात, म्हणजे चुकीच्या निवाड्याचा फटका दुप्पट बसतो. म्हणून तिथे सूत्रधार एकटा ठरवत नाही. बाजूच्या टेबलावर बसलेले परीक्षक खेळ चालू असतानाच संदर्भ तपासतात आणि आधी चूक ठरवलेलं उत्तर बरोबर निघालं तर पुढच्या टप्प्यावर गुण परत देतात. चुकीच्या निवाड्यामुळे कुणी हरलं असं नंतर लक्षात आलं, तर त्या स्पर्धकाला पुन्हा खेळायला बोलावल्याची उदाहरणं आहेत. याला इतिहासही आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या क्विझ शोंमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवल्याचं उघड झालं, मोठा गदारोळ झाला, आणि 1960 मध्ये अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. तेव्हापासून तिथे निवाडा हा गांभीर्याने घ्यायचा विषय झाला.

केन जेनिंग्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2004 मध्ये तो सलग 74 सामने जिंकला आणि आता तोच या शोचा सूत्रधार आहे. त्याच्या पहिल्याच सामन्यात शेवटचा प्रश्न होता: एकाच ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांच्या पाच वेगवेगळ्या प्रकारांत पदकं मिळवणारी पहिली महिला कोण? त्याने नुसतं 'जोन्स' लिहिलं. जोन्स हे तिकडे आपल्या पाटील-जाधवांसारखं घरोघरी असणारं आडनाव. कार्डावर मॅरियन जोन्स होतं, सिडनी 2000 ची धावपटू. परीक्षकांनी ते मान्य केलं आणि मला तो निवाडा नमुनेदार वाटतो. जेपर्डीत आडनाव पुरतं हा नियम आधीपासून जाहीर होता, आणि प्रश्नाच्या चौकटीत, म्हणजे मैदानी खेळातली महिला ऑलिंपिकपटू म्हटल्यावर, 'जोन्स'ने कुणाकडे बोट दाखवलंय याबद्दल शंका उरत नव्हती. त्या एका निर्णयाने तो 37,201 डॉलर घेऊन जिंकला. तो निर्णय उलटा गेला असता तर तो तिसरा आला असता आणि पुढचे 73 विजय झालेच नसते. (मॅरियन जोन्सने 2007 मध्ये उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली आणि तिची सिडनीची पदकं काढून घेण्यात आली. आज तोच प्रश्न काढायचा तर वाक्य बदलावं लागेल. जुने प्रश्नसंच जसेच्या तसे वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

पण जेपर्डीचंही सगळं मला पटत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये विजेत्यांच्या स्पर्धेत शेवटचा प्रश्न बायबलवर आला: पॉलने ज्यांना लिहिलेल्या पत्रात जुन्या करारातली सर्वाधिक अवतरणं आहेत ते लोक कोण? (पॉल हा ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक, जुना करार हा बायबलचा पहिला भाग.) कार्डावर होतं 'हिब्रू'. एका स्पर्धकाने 'रोमन' लिहिलं आणि ते चूक ठरलं. आता गंमत नाही, गंभीरच बाब आहे: हिब्रूंना लिहिलेल्या पत्रात लेखकाचं नावच नाही. ते पॉलचं आहे का, यावर पहिल्या शतकांपासून शंका आहेत आणि आजचे बहुसंख्य अभ्यासक ते पॉलचं मानत नाहीत. सतराव्या शतकातल्या किंग जेम्स बायबलमध्ये मात्र त्या पत्राच्या शीर्षकातच पॉलचं नाव छापलेलं आहे, आणि शोने तोच आधार धरला. मग प्रश्नात 'किंग जेम्स बायबलनुसार' एवढे शब्द घालायला काय हरकत होती? ते नव्हते. रोमन लोकांना लिहिलेलं पत्र पॉलचंच आहे याबद्दल वाद नाही आणि त्यातही जुन्या करारातल्या अवतरणांची रेलचेल आहे. अशा प्रश्नात विषयात जास्त खोल गेलेल्यालाच त्याचं ज्ञान गोत्यात आणतं. माझ्या हातात असतं तर मी दोन्ही उत्तरं मान्य केली असती.

त्याच शोने जानेवारी 2020 मध्ये एका प्रश्नाच्या बाबतीत योग्य रस्ता धरला होता. बेथलेहेमचं चर्च ऑफ द नेटिव्हिटी कुठे आहे, या प्रश्नावर एकीने 'पॅलेस्टाइन' म्हटलं ते चूक ठरलं आणि दुसऱ्याने 'इस्रायल' म्हटलं ते बरोबर. बेथलेहेम वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशात आहे, त्यामुळे लोक संतापले ते साहजिकच. नंतर शोने खुलासा केला की चित्रीकरणाच्या वेळीच प्रश्नातला दोष लक्षात आला होता, तो रद्द करून दुसरा प्रश्न विचारला होता, पण प्रक्षेपणात चुकून जुनाच भाग गेला. प्रक्षेपणाची चूक झालीच, पण निवाड्याची पद्धत मला मान्य आहे. प्रश्नच वादात सापडला तर तो रद्द करून नवीन विचारणं हा स्वच्छ मार्ग आहे. आपल्याकडे वेळेअभावी तो कुणी वापरत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला दोन-तीन राखीव प्रश्न जवळ ठेवा असं मी नेहमी सांगतो.

चार पर्याय दिले की हा वाद मिटतो असं काहींना वाटतं. तसं नाही. 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'च्या इंग्लंडमधल्या मूळ शोमध्ये 1999 मध्ये विचारलं होतं: टेनिसमध्ये तात्त्विकदृष्ट्या एक सेट जिंकायला खेळाडूला कमीत कमी किती फटके मारावे लागतील? पर्याय 12, 24, 36, 48. स्पर्धक 24 म्हणाला आणि ते बरोबर ठरवलं गेलं. आता हिशोब करा. सेट 6-0 ने जिंकायचा, म्हणजे सहा गेम. त्यातल्या तीन गेममध्ये तुमची सर्व्हिस: प्रत्येकी चार एस (समोरच्याला परतवताच न आलेल्या सर्व्हिस), झाले 12 फटके. उरलेल्या तीन गेममध्ये सर्व्हिस समोरच्याची, आणि त्याने प्रत्येक वेळी डबल फॉल्ट केला, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकवल्या, तर तुम्हाला रॅकेट हलवायचीही गरज नाही. उत्तर 12. पर्याय छापलेला होता, पण प्रश्न काढणाऱ्याने समोरच्या खेळाडूचा विचारच केला नव्हता. शोने त्या माणसाचे जिंकलेले पैसे परत मागितले नाहीत, आणि ते योग्यच झालं. आयोजकाच्या चुकीची किंमत स्पर्धकाने का मोजायची?

आता दुसरा भाग, जिथे माझं मत लोकांना कठोर वाटतं. 2013 मध्ये जेपर्डीच्या मुलांच्या स्पर्धेत एका शाळकरी मुलाने लिंकनच्या 'इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन'चं (गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचं) नाव लिहिताना मध्ये एक जादा 'टी' घातला आणि उत्तर चूक ठरलं. लोकांनी शोला खूप सुनावलं. पण नियम असा आहे की लेखी उत्तरात स्पेलिंग चुकलं तरी चालतं, उच्चार बदलता कामा नये. त्या जादा अक्षराने उच्चार बदलत होता. मुलाला माहीत होतं हे उघड आहे, मलाही वाईट वाटलं, तरी निवाडा बरोबर होता. 'त्याला म्हणायचं काय होतं' हे परीक्षक ठरवायला लागले की ओळखीच्या मुलाच्या मनातलं त्यांना लगेच कळतं आणि परगावच्या मुलाच्या मनातलं कळत नाही. हे मी जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत डोळ्यांनी पाहिलंय.

अशाच एका स्पर्धेत विचारलं गेलं, 'शिवाजी महाराजांची राजधानी कोणती?' तालुक्याच्या गावाहून आलेली आठवीतली एक मुलगी माईक घट्ट धरून म्हणाली, "सर, राज्याभिषेकाच्या आधीची की नंतरची?" क्विझमास्तर म्हणाले, "प्रश्नाला प्रश्न नको, उत्तर दे." ती म्हणाली "राजगड". चूक. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, ते "रायगड" म्हणाले आणि त्यांना दहा गुण मिळाले. राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी, रायगड त्यानंतरची. 1674 चा राज्याभिषेक रायगडावर झाला. त्या सभागृहात प्रश्नातली फट एकट्या त्या मुलीला दिसली होती, आणि गुण तिचेच गेले. तिच्या बाई उठून बोलल्या, तर 'क्विझमास्तरचा निर्णय अंतिम' असं सांगून त्यांना खाली बसवलं गेलं.

निर्णय अंतिम असावा, याला माझा विरोध नाही. नाहीतर खेळ पुढे सरकणार नाही. पण अंतिम निर्णय देण्याआधी विचार करण्याची सोय हवी. अमेरिकेत शाळा-कॉलेजांमध्ये बझरवर खेळतात त्या 'क्विझ बोल'मध्ये उत्तराबरोबर गरजेप्रमाणे तीन गोष्टी छापलेल्या असतात: आणखी काय मान्य करायचं, कशावर "अजून नेमकं सांगा" म्हणायचं आणि काय अजिबात मान्य करायचं नाही. त्या मुलीच्या वेळी कार्डावर 'राजगड म्हटल्यास: नंतरची कोणती, ते विचारा' एवढी एक ओळ असती तरी पुरलं असतं. प्रश्न काढताना ही ओळ लिहायला बसलं की प्रश्नातल्या फटी आपोआप दिसायला लागतात, आणि बहुतेक वेळा शेवटी प्रश्नच दुरुस्त केला जातो.

तुम्ही स्वतः स्पर्धक म्हणून अशा प्रसंगात सापडलात तर हरकत लगेच घ्या, पुढचा प्रश्न वाचायच्या आत. "माझंही उत्तर बरोबर आहे" एवढंच म्हणून थांबू नका. प्रश्न पुन्हा वाचायला लावा आणि त्यातला प्रत्येक शब्द तुमच्या उत्तराला कसा लागू पडतो ते सांगा. 'दोन्ही संघांना गुण द्या' हीही रास्त मागणी आहे, कारण दुसऱ्या संघाचंही उत्तर बरोबरच असतं आणि त्यांचे गुण काढून घेणं तितकंच चूक ठरेल. संदर्भ म्हणून इंटरनेटवरचा कुठलातरी मजकूर दाखवण्यापेक्षा पाठ्यपुस्तक किंवा मराठी विश्वकोश दाखवा, परीक्षक तो नाकारायला कचरतात.