शब्द पाठ आहेत, पण वाक्यात चुकतात

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी बँक अधिकारीपदाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह दोन वह्यांत उतरवून मी पाठ केले आहेत. समानार्थी शब्द ओळखण्यात अडचण येत नाही. परंतु गाळलेल्या जागा भरताना आणि निबंध लिहिताना हमखास चूक होते. ‘द न्यू रोड एक्झॅसर्बेटेड द लोकल ट्रेड’ या माझ्या वाक्याखाली शिक्षकांनी तांबडी रेघ ओढली. ‘एक्झॅसर्बेट’चा अर्थ ‘वाढवणे’ असाच मी पाठ केला होता. मग चुकले काय? आणि ‘शब्द संदर्भातून शिका’ असे सगळे सांगतात, म्हणजे नेमके काय करायचे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या वहीतील अर्थ अपुरा आहे, एवढेच. ‘एक्झॅसर्बेट’ ज्याला लागतो ते आधीपासूनच वाईट असावे लागते : टंचाई, तणाव, आजार, विषमता. मराठीत वाद चिघळतो, जखम चिघळते, संप चिघळतो. व्यापार चिघळला असे कोणी म्हणत नाही, आणि ‘चिघळणे’ हे क्रियापद आपण कोणत्याही यादीतून घोकलेले नाही. ते कोणाबरोबर येते हे वर्षानुवर्षे कानांवर पडून अंगवळणी पडले आहे. इंग्रजीच्या बाबतीत ही कानांची शिकवणी आपल्याला मिळालेली नसते, म्हणून ती वाचनातून आणि लेखनातून मुद्दाम घडवावी लागते. आपल्या वाक्यात ‘बूस्टेड’ चालले असते.

दोष केवळ आपला नाही. बाजारातील कित्येक शब्दसंग्रहांत ‘मिटिगेट’, ‘अलिव्हिएट’ आणि ‘ॲमेलिओरेट’ हे तिन्ही एकाच ओळीत ‘कमी करणे’ म्हणून छापलेले असतात. प्रत्यक्षात मिटिगेट होतात ते दुष्परिणाम किंवा धोके, अलिव्हिएट होते ते दुःख, वेदना किंवा दारिद्र्य, आणि ॲमेलिओरेट होते ती परिस्थिती, जी कमी होत नाही, सुधारते. त्यातच ‘मिटिगेट’सारखाच दिसणारा ‘मिलिटेट’ आहे, ज्याच्या मागे बहुधा ‘अगेन्स्ट’ येतो आणि ज्याचा अर्थ एखाद्या गोष्टीच्या आड येणे असा आहे. निव्वळ अर्थांच्या यादीत हे भेद दिसत नाहीत.

यासाठी पहिले साधन म्हणजे शिकणाऱ्यांसाठी खास तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत. तेथे 1942 मध्ये निघालेला त्यांचा कोश ऑक्सफर्डने 1948 मध्ये प्रसिद्ध केला, आणि शब्द वाक्यात कसा बसतो हे दाखवण्यावर त्याचा भर होता. पुढे 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या कोबिल्ड कोशाने छापील व बोलण्यातील खऱ्या मजकुराचा संगणकीय साठा आधाराला घेतला आणि अर्थसुद्धा पूर्ण वाक्यांत दिले. त्या धाटणीने सांगायचे तर, ‘एखादी गोष्ट एखादी समस्या एक्झॅसर्बेट करते, म्हणजे ती समस्या आणखी बिघडवते’. यात ‘समस्या’ हा शब्द अर्थामध्येच गोवलेला आहे, त्यामुळे व्यापाराची चूक घडण्यास वावच उरत नाही.

संदर्भावरून अर्थ ताडण्याविषयी मात्र थोडे सावध राहावे, कारण हा सल्ला जितका सहज दिला जातो तितका तो सरसकट लागू पडत नाही. ‘द मिनिस्टर वॉज सँग्विन अबाउट द मॉन्सून’ या वाक्यावरून मंत्री आशावादी होते की चिंतित, हे सांगता येणार नाही. तेच ‘डिस्पाइट अ ड्राय जून, द मिनिस्टर रिमेन्ड सँग्विन अबाउट द मॉन्सून’ असे असेल, तर ‘डिस्पाइट’ने दिलेल्या कलाटणीवरून आशा हाताला लागते. हू आणि पॉल नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या 2000 सालच्या पाहणीत असे दिसले की, आधाराविना मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. एका परिच्छेदात आठ-दहा शब्द अडत असतील, तर तेथे तर्क लढवत न बसता कोश उघडावा, किंवा तो मजकूर तूर्त बाजूला ठेवावा.

वहीची मांडणीही बदला. ‘मिटिगेट = कमी करणे’ असे न लिहिता ‘मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ द ड्रॉट’ असा अख्खा तुकडा उतरवा. कोशातील तीन-चार उदाहरणे डोळ्यांखालून घातल्यावर, कोश मिटून, आपल्या परिसराविषयी स्वतःचे वाक्य लिहा : ‘फार्म पाँड्स मिटिगेटेड द इफेक्ट्स ऑफ द ड्रॉट इन अवर तालुका.’ कर्ता आपला, शब्दाची सोबत मात्र कोशातली. सुरुवातीला सोबतही स्वतःच जुळवायला गेलात, तर पुन्हा तांबडी रेघ ठरलेलीच. आठवड्याने तेच वाक्य क्रियापद गाळून लिहा आणि न पाहता भरा. जे भरता आले नाही, त्यासाठी नवे वाक्य करा. जुनेच दहादा उतरवणे ही पुन्हा घोकंपट्टीच.

प्रश्न : रोज इंग्रजी अग्रलेख वाचतो आणि वीसेक शब्द टिपतो, महिन्याभरात निम्मेही आठवत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वीस फार झाले, पाच घ्या, पण वाक्यांसह. शिवाय रोज निराळ्या विषयावरचा अग्रलेख वाचल्याने आजचा शब्द पुन्हा भेटायला महिना लागतो. पंधरा दिवस एकच विषय धरा. उदाहरणार्थ, महागाई आणि रिझर्व्ह बँकेचे पतधोरण घेतले, तर ‘कर्ब इन्फ्लेशन’ (महागाईला आवर घालणे), ‘स्टोक इन्फ्लेशन’ (महागाई भडकवणे), ‘रेन इन प्रायसेस’ (किमती काबूत आणणे) हे तुकडे बातमीत, लेखात आणि अग्रलेखात पुनःपुन्हा समोर येतील, आणि ‘कर्ब’ करणारी बहुधा बँक किंवा सरकार, तर ‘स्टोक’ करणारे इंधनाचे वाढते भाव, हेही वेगळे पाठ न करता ध्यानात राहील. त्यानंतर विषय बदलावा.